लिंडलार ऑटोक्लेव्हमध्ये नेलं की अल्केन का वाढतंय? बडोद्याच्या केमिकलवाल्यांना प्रश्न

पाद्रारोड
नमस्कार मंडळी. आपल्या बडोदेकरांत निम्मे लोक नंदेसरी, मकरपुरा नाहीतर पाद्र्याकडे कुठेतरी केमिकल लाइनमध्येच आहेत म्हणून इथे विचारतोय. मी एका छोट्या युनिटमध्ये आर अँड डी बघतो. सध्या 9-टेट्राडेसाइन-1-ऑल घेऊन त्याचं सिस अल्कीन करायचं काम आहे, म्हणजे मधला तिहेरी बंध (अल्काईन) फक्त दुहेरीपर्यंत (अल्कीन) आणायचा आणि तोही सिसच, दोन्ही हायड्रोजन बंधाच्या एकाच बाजूला. विरुद्ध बाजूंना गेले तर ते ट्रान्स, आणि बंध एकेरीच झाला तर अल्केन, ही दोन्ही नकोत. पुढे त्याचं अॅसिटेट होतं आणि ते मक्यावरच्या अमेरिकन लष्करी अळीच्या कामगंध (फेरोमोन) सापळ्यात जातं.

फ्लास्कमध्ये हायड्रोजनचा फुगा लावून केलं तर छान येतं, अल्केन एक-दोन टक्के, ट्रान्स दोनच्या आसपास. तेच 5 लिटरच्या ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाच्या बंद भांड्यात) 4 बारवर केलं की अल्केन आठ-नऊ टक्क्यांवर जातं आणि ट्रान्सही पाच-सहा. कॅटॅलिस्ट तोच, त्याच डब्यातला, 5 टक्के पॅलेडियम कॅल्शियम कार्बोनेटवर, शिशाने पॉइझन केलेला, म्हणजे मुद्दाम मंद केलेला, ज्याला लिंडलार म्हणतात. त्याला आणखी आवरायला घालतात ते क्विनोलीन त्याच प्रमाणात, सॉल्व्हंट मिथेनॉल. वरून सांगितलंय की दुसऱ्या व्हेंडरचा कॅटॅलिस्ट मागवा. मला मनापासून वाटतंय की दोष कॅटॅलिस्टचा नाहीये, पण ते सिद्ध कसं करू ते कळत नाही. कोणी यातून गेलंय का?

क्रॅकरकाका
कॅटॅलिस्ट बदलू नका अजून. मी आयुष्यभर पेट्रोकेमिकलमध्ये अॅसिटिलीन कन्व्हर्टर (इथिलीनमधलं अॅसिटिलीन काढणारे रिअॅक्टर) बघितलेत, तुमचा रिअॅक्टर द्रवाचा आणि आमचा वायूचा, पण दुखणं एकच.

आधी एवढं समजून घ्या की पॅलेडियमला अल्कीन हायड्रोजनेट करता येत नाही असं अजिबात नाहीये. एकट्या अल्कीनला तो अगदी आरामात अल्केन करतो. मग अल्काईन असताना तो अल्कीनला हात का लावत नाही? कारण अल्काईन धातूच्या पृष्ठभागावर अल्कीनपेक्षा खूप घट्ट बसतं. लग्नाच्या पंगतीसारखं आहे, पहिली पंगत अल्काईनने भरलेली असते तोवर अल्कीनला पाट मिळतच नाही, तयार झालेलं अल्कीन उठून बाहेर पडतं आणि परत बसायला जागा नसते. अल्काईन संपत आलं की पाट रिकामे, मग अल्कीन येऊन बसतं आणि अल्केन होऊन उठतं. म्हणजे तुमची सिलेक्टिव्हिटी (हवं तेवढंच होणं) नव्वद टक्के कन्व्हर्जनपर्यंत, म्हणजे नव्वद टक्के अल्काईन संपेपर्यंत, जवळजवळ फुकट मिळते, खरी लढाई शेवटच्या पाच-सात टक्क्यांत आहे. शिसं आणि क्विनोलीन काय करतात, तर अल्कीनचं परत बसणं अवघड करतात. अवघड करतात, बंद करत नाहीत.

आता सांगा, फ्लास्कमध्ये थांबवता कधी आणि ऑटोक्लेव्हमध्ये थांबवता कधी? आणि आतलं तापमान किती जातं?

पाद्रारोड
काका, खूप आभार. फ्लास्कमध्ये मध्येमध्ये सॅम्पल काढून जीसी (गॅस क्रोमॅटोग्राफी) मारतो आणि अल्काईन एक टक्क्याखाली आलं की थांबवतो. ऑटोक्लेव्हमध्ये सॅम्पल काढणं कटकटीचं आहे म्हणून प्रेशर पडायचं थांबलं की थांबवतो. म्हणजे अपटेक (हायड्रोजन घेणं) संपेपर्यंत. तापमान 25 ला सुरू होतं आणि मधे 45 पर्यंत जातं, जॅकेटमध्ये साधं पाणी आहे.

मकरपुरा_मेकॅनिकल
ह्यातच निम्मं उत्तर आहे भाऊ. मी केमिस्ट नाही, प्रोसेसचा माणूस आहे, तर आकड्यांत सांगतो. मधल्या तिहेरी बंधाचा दुहेरी होताना मोलला साधारण 150 किलोज्यूल उष्णता निघते. तुमचं द्रावण किती कडक आहे? समजा लिटरला 1 मोल. एक लिटर मिथेनॉल एक अंशाने तापवायला 2 किलोज्यूलच्या आसपास लागतात. म्हणजे उष्णता काढलीच नाही तर तापमान 75 अंशांनी वर जाईल. फ्लास्क छोटा, भिंती जास्त आणि माल कमी, फुग्यातून हायड्रोजन हळूहळू येतो, त्यामुळे उष्णता आपोआप निघून जाते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. 5 लिटरमध्ये 4 बार दाबून हायड्रोजन दिला की तेच रिअॅक्शन वीस पट माल घेऊन झपाट्याने पळतं आणि साधं पाणी पुरत नाही. तुमचे 45 अंश तिथून आले. तापमान वाढलं की क्विनोलीनची पकडसुद्धा सैल होते, तेव्हा दोन्हीकडून मार.

प्रयोगवही
मी युनिव्हर्सिटीत फतेहगंजला रिसर्च करते, ह्याच प्रकारच्या रिअॅक्शनवर. पाद्रारोड दादा, अपटेक थांबेपर्यंत वाट बघणं हेच मुख्य कारण आहे असं मला वाटतं. लिंडलारवर एक इक्विव्हॅलंट (अल्काईनच्या मोलमागे एक मोल) झाल्यावर हायड्रोजन घेणं आपोआप थांबतं असं पुस्तकात वाचून सगळे धरून चालतात, पण ते थांबत नाही, फक्त मंदावतं, आणि किती मंदावतं ते सबस्ट्रेटवर अवलंबून. मधल्या अल्काईनला फरक स्पष्ट दिसतो, टोकाच्या अल्काईनला तर कित्येकदा वक्रात मोड दिसतच नाही कारण टोकाचं अल्कीन स्वतःच खूप चपळ असतं.

एक गोष्ट नीट बघण्यासारखी आहे. अल्काईन भरपूर असेपर्यंत वेग अल्काईनच्या कॉन्सन्ट्रेशनवर जवळजवळ अवलंबून नसतो, हायड्रोजनच्या दाबावर असतो. म्हणून अपटेकची रेघ सरळ जाते. ती रेघ जिथे वाकायला लागते तो तुमचा खरा सिग्नल आहे. रेघ आडवी होईपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो.

आणि ट्रान्सबद्दल. होरिउटी आणि पोलान्यी यांनी 1934 मध्ये सांगितलेल्या पद्धतीने हायड्रोजन एकेक करून लागतो, मधे एक अर्धवट हायड्रोजन लागलेला तुकडा धातूवर बसलेला असतो. अल्कीन परत पृष्ठभागावर आलं, एक हायड्रोजन घेतला, मधला बंध आता एकेरी झाल्यामुळे फिरला, आणि त्याने हायड्रोजन परत सोडला तर ट्रान्स होऊन निघतं. नाहीतर बंध शेजारच्या कार्बनवर सरकतो. म्हणजे तुमचं अल्केन आणि तुमचं ट्रान्स ही एकाच वेळी, एकाच कारणाने वाढलेली आहेत, दोन वेगळे प्रॉब्लेम समजू नका.

कामगंध
मी केमिकलवाला नाही, करजण साइडला शेतकऱ्यांबरोबर काम करतो, कापूस आणि मका दोन्ही. एकच सांगावंसं वाटतं की हा ट्रान्सचा टक्का शेतात खरोखर महत्त्वाचा असतो. लष्करी अळी आपल्याकडे 2018 मध्ये आली, तेव्हापासून मक्याचे शेतकरी सापळे मागायला लागले. सापळ्यात पतंग येत नाहीत म्हणजे अळीच नाही असं समजून फवारणी पुढे ढकलली जाते आणि मग पीक हातचं जातं. कापसाच्या गुलाबी बोंडअळीचं तर आणखी नाजूक, तिच्या मादीच्या गंधात सिस-सिस आणि सिस-ट्रान्स असे दोन घटक साधारण समसमान असतात, तिथे प्रमाण बिघडलं तर नर फिरकत नाही. तुम्ही लोक लॅबमध्ये ह्या टक्क्यांवर एवढा जीव लावता हे बघून फार बरं वाटलं.

पाद्रारोड
कामगंध साहेब, हे ऐकून काम करायला बळ आलं.

ताई, आमची जीसी पद्धत साध्या नॉनपोलर कॉलमवर आहे, त्यात सिस आणि ट्रान्स नीट सुटतात का याचीच मला शंका आहे. आणि ऑटोक्लेव्हमधून सॅम्पल काढेपर्यंत आणि जीसी येईपर्यंत रिअॅक्शन पुढे गेलेलं असतं, मग त्या रिझल्टचा उपयोग काय?

प्रयोगवही
पोलर कॉलम घ्या, वॅक्स किंवा सायनोचा. नॉनपोलरवर अल्केन, सिस, ट्रान्स सगळे एकमेकांच्या अंगावर येतात आणि तुम्हाला वाटतं की सगळं छान आहे. टीएलसीवर (सिलिकाच्या प्लेटवर) तर अल्काईन आणि अल्कीनचे ठिपके जवळजवळ एकत्रच, साधी सिलिका उपयोगाची नाही. सिलिका प्लेट सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवून वाळवली की दुहेरी बंध चांदीला धरतो, सिस जास्त धरतो म्हणून खाली राहतो, ट्रान्स वर जातो. स्वस्तातली युक्ती आहे, प्लेट अंधारात ठेवा म्हणजे झालं. एनएमआरमध्ये अल्काईनचे कार्बन 80 पीपीएमच्या आसपास दिसतात. दुहेरी बंधावरच्या दोन हायड्रोजनमधलं कपलिंग मोजता आलं तर सिसला 10-11 हर्ट्झ, ट्रान्सला 15 च्या पुढे, पण तुमच्या रेणूत दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या असल्यामुळे ते सिग्नल एकमेकांत गुंततात, त्यापेक्षा कार्बन एनएमआर घ्या, दुहेरी बंधाशेजारचा कार्बन सिसमध्ये 27 आणि ट्रान्समध्ये 32-33 च्या आसपास येतो, तिथे फरक सरळ दिसतो.

मकरपुरा_मेकॅनिकल
सॅम्पलच्या वेळेचा इलाज सोपा आहे. स्टरर बंद करा. मिथेनॉलमध्ये हायड्रोजन फारच थोडा विरघळतो, एका बारला लिटरमागे 4 मिलिमोलच्या आसपास, म्हणजे 4 बारवर 16 मिलिमोल. तुमचा माल 1000 मिलिमोल. स्टरर थांबवला की वरचा हायड्रोजन खाली येणं जवळजवळ बंद, आत उरलेल्या हायड्रोजनने दीड टक्काच काम होऊ शकतं. दाब सोडा, नायट्रोजन भरा, सॅम्पल घ्या, निवांत जीसी लावा, मग ठरवा पुढे किती हायड्रोजन द्यायचा ते.

दुसरं म्हणजे ऑटोक्लेव्हच्या हेडस्पेसचं (द्रावणावरच्या मोकळ्या जागेचं) प्रेशर बघून हिशोब करू नका. तापमान वर-खाली झालं की प्रेशर खोटं बोलतं. बाहेर एक ठराविक आकारमानाचं छोटं सिलिंडर लावा, रूम टेंपरेचरला, त्यातून रेग्युलेटरने रिअॅक्टरला स्थिर दाब द्या आणि त्या सिलिंडरचं प्रेशर किती पडलं ते मोजा. तुमच्या दर 100 ग्रॅम मालाला, मॉलिक्युलर वेट 210 धरून, एक इक्विव्हॅलंट म्हणजे 0.476 मोल, 25 अंशाला आणि 1 बारला ते 11.8 लिटर होतं. 2 लिटरचं सिलिंडर असेल तर 5.9 बार पडले की तुमचा हिशोब पूर्ण. एवढं साधं आहे, आणि माझ्या मते ह्या सगळ्या धाग्यातला सगळ्यात स्वस्त इलाज हाच.

क्रॅकरकाका
शंभर टक्के सहमत. आमच्याकडे टेल-एंड (प्रवाहातला हायड्रोजन वेगळा केल्यानंतर लावलेल्या) कन्व्हर्टरमध्ये नेमकं हेच करायचे.

तरुण मंडळींसाठी थोडं सविस्तर लिहितो. नॅफ्था किंवा गॅस क्रॅक केला की इथिलीनच्या प्रवाहात टक्का-दोन टक्के अॅसिटिलीन येतं. पॉलिइथिलीनचा कॅटॅलिस्ट त्याने मरतो, म्हणून ते 5 पीपीएमच्या खाली आणायचं, आणि तेही सभोवती शेकडो पट इथिलीन असताना, त्या इथिलीनला धक्का न लावता. विचार करा हे किती कठीण आहे. आपल्या बडोद्यात 1969 मध्ये आयपीसीएल (इंडियन पेट्रोकेमिकल्स) स्थापन झाली तेव्हापासून इथल्या कित्येक घरांतली माणसं ह्या असल्या प्लांट्समध्ये राबली आहेत.

टेल-एंडमध्ये हायड्रोजन बाहेरून मोजून देतात, अॅसिटिलीनच्या मोलमागे एकापेक्षा थोडासाच जास्त. म्हणजे हायड्रोजनच कमी, जास्तीचं काम होणार कशाने? फ्रंट-एंडमध्ये उलटं, तिथे क्रॅकरचा सगळा हायड्रोजन प्रवाहातच असतो, मग आवर घालायला कार्बन मोनॉक्साइडचा अंश कामाला येतो. तो इथिलीनपेक्षा घट्ट आणि अॅसिटिलीनपेक्षा सैल बसतो, म्हणजे तुमचं क्विनोलीनच समजा. कार्बन मोनॉक्साइड अचानक कमी झाला तर इथिलीन हायड्रोजनेट व्हायला लागतं, मोलला 137 किलोज्यूल उष्णता निघते, बेडचं तापमान चढतं, चढलं की वेग आणखी वाढतो, आणि रनअवे. जास्त झाला तर अॅसिटिलीन निसटून पुढे जातं. ह्या दोन कडांच्या मधे चालायचं असतं, आणि रात्रपाळीत पॅनेलवर बसलेल्या माणसाचा त्या तापमानाच्या रेघेवर डोळा लागलेला असायचा.

तिथला कॅटॅलिस्ट पॅलेडियम-चांदीचा, अल्युमिनावर, आणि पॅलेडियम गोळीच्या फक्त वरच्या पातळ थरात ठेवतात. का? कारण आत खोल भोकांत अॅसिटिलीन पोचेपर्यंत संपतं आणि हायड्रोजन मात्र पोचतो, मग आत नुसतं इथिलीन आणि हायड्रोजन, तिथे इथेनच होणार. तुमच्या पावडर कॅटॅलिस्टमध्येही मोठे दाणे असतील तर हेच होतं बरं का.

दांडियाबाजार
मी टीवायबीएस्सीला आहे, दोन प्रश्न विचारू का? एक म्हणजे शिसं नेमकं काय करतं, नुसतं जागा अडवतं का? आणि दुसरं, ट्रान्स पाहिजे असेल तर सोडियम आणि द्रव अमोनिया असं पाठ केलंय, पण तिथे ट्रान्सच का येतं?

प्रयोगवही
छान प्रश्न. दुसऱ्याचं आधी. तिथे धातूचा पृष्ठभाग कामाचा नसतो, सोडियम अमोनियात विरघळून इलेक्ट्रॉन देतो, -33 अंशाखाली. अल्काईन एक इलेक्ट्रॉन घेतं, अमोनियाकडून प्रोटॉन घेतं, मग दुसरा इलेक्ट्रॉन. मधे जो व्हायनिल तुकडा तयार होतो त्याला मोठे गट एकमेकांपासून लांब ठेवायला मोकळीक असते, म्हणून ट्रान्स. पॅलेडियमवर रेणू सपाट झोपलेला असतो आणि दोन्ही हायड्रोजन एकाच बाजूने, धातूकडून लागतात, म्हणून सिस. टोकाच्या अल्काईनला मात्र हा मार्ग जपून, अमोनियात तयार होणारा सोडामाइड त्याचा प्रोटॉन काढून घेतो. अल्काईनच्या शेजारी ओएच असेल तर लिथियम अॅल्युमिनियम हायड्राइडनेही ट्रान्स येतं. 2013 मध्ये फ्युर्स्टनर यांच्या ग्रुपने रुथेनियम कॅटॅलिस्ट वापरून साध्या हायड्रोजन वायूने ट्रान्स मिळवून दाखवलं, ते आवर्जून वाच.

शिशाचं काम दुहेरी आहे. जागा अडवणं आहेच, मोठ्या सलग पॅलेडियमच्या पट्ट्या तुटतात. पण पॅलेडियम हायड्रोजन पोटातही साठवतो, टॉमस ग्रॅहॅमने 1866 मध्ये दाखवलं होतं की तो स्वतःच्या आकारमानाच्या शेकडो पट हायड्रोजन शोषतो. पोटातला हा हायड्रोजन वर आला की तो फार आक्रमक असतो, अल्काईनला सरळ अल्केनपर्यंत नेतो. पोटात हायड्रोजन भरू न देणं हे सिलेक्टिव्हिटीचं मोठं गुपित आहे. 2008 मध्ये टेश्नर, श्लोगल वगैरेंनी दाखवलं की रिअॅक्शन चालू असताना अल्काईनमधलाच कार्बन पॅलेडियमच्या वरच्या थरांत शिरतो आणि त्यामुळे आतल्या हायड्रोजनचा रस्ता बंद होतो. लिंडलार रोशमध्ये असताना 1952 मध्ये त्यांनी हा कॅटॅलिस्ट प्रसिद्ध केला तेव्हा हे काहीच माहीत नव्हतं आणि तरी त्यांच्या हाताला बरोबर ते लागलं, मला ह्या गोष्टीचं कायम अप्रूप वाटतं.

दाब जास्त ठेवला की पोटात हायड्रोजन भरायला मदतच होते, म्हणून पाद्रारोड दादा, ते 4 बार खाली आणा.

क्यूए_अलकापुरी
इथे एक मुद्दा राहतोय. तुमचं फेरोमोन आहे म्हणून ठीक, पण फार्मामध्ये हाच कॅटॅलिस्ट वापरताना शिशाची काळजी फार मोठी. आयसीएच क्यू3डी (औषधांतल्या धातूंच्या अंशांच्या मर्यादा सांगणारी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका) प्रमाणे तोंडावाटे घ्यायच्या औषधात शिसं रोज 5 मायक्रोग्रॅमच्या वर जाता कामा नये, पॅलेडियमला 100. आणि लोक काय करतात, क्विनोलीन काढायचं म्हणून रिअॅक्शन संपल्यावर सरळ पातळ अॅसिडने धुतात आणि कॅटॅलिस्ट नीट गाळलेला नसतो. कॅल्शियम कार्बोनेट अॅसिडमध्ये विरघळतं! आधार गेला की शिसं आणि पॅलेडियम दोन्ही मालात. आधी गाळा, दोनदा गाळा, मगच अॅसिड. सबस्ट्रेटच अॅसिडिक असेल तर कॅल्शियम कार्बोनेटचा नाद सोडा, बेरियम सल्फेटवरचा पॅलेडियम क्विनोलीनबरोबर वापरा. हर्बर्ट ब्राऊन यांचं पी-2 निकेल, निकेल अॅसिटेट आणि सोडियम बोरोहायड्राइडपासून केलेलं, इथिलीनडायअमीन घालून, सिससाठी फार सुरेख चालतं, पण ते ताजं करावं लागतं आणि प्लांटला त्याचा कंटाळा.

नंदेसरीवाला
अजून एक कारण कोणी लिहिलं नाही. तुमचं अल्काईन कुठून येतं? ब्रोमाइड आणि अॅसिटिलाइडचं कपलिंग करून येत असेल तर त्यात हॅलाइड, कधी सल्फर, असलं काहीतरी अंशाने राहतं आणि ते स्वतःच पॉइझन. मळकट लॉट आला की रिअॅक्शन चालत नाही, शिफ्टवाला कॅटॅलिस्ट वाढवतो, ते वाढवलेलं प्रमाण बॅच शीटवर कायमचं बसतं, आणि पुढचा लॉट स्वच्छ आला की गाडी थेट अल्केनला जाऊन धडकते. आमच्या बाजूच्या युनिट्समध्ये हे वारंवार दिसतं. अल्काईन डिस्टिल करून घ्या, आणि प्रत्येक नव्या लॉटची फ्लास्कमध्ये अपटेकची रेघ काढून मगच ऑटोक्लेव्हला हात लावा.

आणि सगळ्यांना कळकळीची विनंती, वापरलेला कॅटॅलिस्ट गाळताना कोरडा पडू देऊ नका. मिथेनॉलची वाफ आणि हायड्रोजन बसलेला पॅलेडियम यांना हवा मिळाली की फिल्टरवरच पेट घेतो. नायट्रोजनखाली गाळा, पाण्याने ओला ठेवा. हायड्रोजन हवेत 4 टक्क्यांपासून 75 टक्क्यांपर्यंत पेटतो, म्हणून उघडण्याआधी नायट्रोजनने परत परत पर्ज. हे काम करणारी पोरं बहुतेक कंत्राटी असतात, त्यांना कोणी सांगत नाही, तुम्ही सांगा.

पाद्रारोड
सगळ्यांचे मनापासून आभार. तुमचं ऐकून बदल केले ते लिहितो, म्हणजे पुढे कोणाला उपयोगी पडेल.

दाब 4 वरून 1 बारच्या थोडा वर आणला. द्रावण निम्मं पातळ केलं. जॅकेटला चिल्ड वॉटर, आतलं तापमान 20-22 च्या पुढे जाऊ दिलं नाही. बाहेरचं सिलिंडर लावलं, मेंटेनन्सच्या दादांनी जुन्या सामानातून जोडून दिलं. अल्काईन डिस्टिल करून घेतलं आणि खरंच, नंदेसरीवाले साहेब, त्याच कॅटॅलिस्टने वेग इतका वाढला की लोडिंग निम्मं करावं लागलं. रेघ वाकायला लागली की स्टरर बंद, नायट्रोजन, सॅम्पल, पोलर कॉलम.

आता अल्केन दोनच्या आत, ट्रान्स अडीचच्या आसपास, अल्काईन सव्वा टक्का उरतं. कॅटॅलिस्ट तोच जुना आहे. वरच्यांना दोन्ही क्रोमॅटोग्राम शेजारी ठेवून दाखवले, नवीन व्हेंडरचा विषय तिथेच मिटला.

एकच अडतंय. हा उरलेला सव्वा टक्का अल्काईन काढायला थोडा हायड्रोजन अजून दिला की ट्रान्स लगेच सरकायला लागतं. काय करावं?

क्यूए_अलकापुरी
फार्मात असता तर मी म्हणाले असते की अल्काईन संपवाच, कारण ती वेगळी इम्प्युरिटी, पुढच्या स्टेपमध्ये ती काय होऊन बसेल सांगता येत नाही.

प्रयोगवही
फेरोमोनसाठी मी उलटं म्हणेन. अल्काईन राहू दे, ट्रान्स नको. ट्रान्स एकदा झालं की डिस्टिलेशनने सुटत नाही, सिल्व्हर नायट्रेट सिलिकाचा कॉलम किलोत कोण चालवणार. उरलेलं अल्काईन निदान बदलत तरी नाही, प्रत्येक बॅचला तेवढंच येईल आणि तसं स्पेसिफिकेशनमध्ये लिहिता येईल.

तरी काढायचंच असेल तर एक करून बघा, शेवटच्या टप्प्याला क्विनोलीन थोडं वाढवा आणि सोबत 1-ऑक्टीनसारखं स्वस्त, चपळ अल्कीन भरपूर घाला. रिकाम्या झालेल्या जागांवर तुमच्या अल्कीनऐवजी ते जाऊन बसतं, स्वतः ऑक्टेन होतं आणि शेवटी सॉल्व्हंटबरोबर उडून जातं. मात्र हायड्रोजनचा हिशोब तेव्हा मोडतो, सिलिंडरच्या प्रेशरवर विसंबू नका, जीसीवरच चला.

कामगंध
सव्वा टक्का अल्काईनवाला माल थोडा देऊ शकाल का? मक्याच्या शेतात जुन्या मालाशेजारी लावून बघतो, दोन्हीकडे पतंग किती येतात ते मोजू. कागदावर भांडण्यापेक्षा ते बरं.

पाद्रारोड
नक्की देतो साहेब. अॅसिटेट करून, रबर सेप्टामध्ये भरून, जुन्या आणि नव्या बॅचचे वेगवेगळे, नाव न लिहिता नुसते नंबर टाकून देतो, म्हणजे मोजणाऱ्यालाही कळणार नाही कुठला कोणता. ऑक्टीनची बॅचपण लावतोय, ती झाली की तिसरा नंबर तिचा.

क्रॅकरकाका
तीनही नंबरचे सापळे एकाच ओळीत लावू नका, वाऱ्याच्या दिशेने एकाचा गंध दुसऱ्यावर जाईल. लांब लांब ठेवा आणि जागा मधून मधून अदलाबदल करा. आणि ऑक्टीनच्या बॅचची अपटेकची रेघ इथे टाका, मला बघायची आहे.